टेबलावर एकच डबी

बंदुकीचा बोल्ट उघडेना. आर्डिसनं तळहातानं खालून दणका दिला, तेव्हा कुठे तो कुरकुरत वर आला.

"काय झालं?" मागच्या घडीच्या खुर्चीतून नॉर्व्हलनं विचारलं. डोळ्यांना दुर्बीण लावून तो खडीच्या खाणीच्या टोकाला टाचलेल्या कागदाकडे बघत होता.

"अडकला होता."

"धूळ असेल."

"सकाळी मीच पुसलीय बंदूक."

"म्हणूनच." तो हसला. "पण नेम झकास. तिन्ही गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्यात बघ."

आर्डिसनं साध्या डोळ्यांनी कागदाकडे पाहिलं. तिसरं भोक चांगलं वीतभर वर गेलं होतं.

त्या तिसऱ्या बारानं तिचा खांदा सुन्न झाला होता. लग्न होऊन ती या खोऱ्यात आली, तेव्हापासून ही बंदूक तिच्या खांद्याला होती. काडतुसं भरायची नॉर्व्हलनं आणि झाडून बघायची तिनं, असं त्यांचं पहिल्या हिवाळ्यापासून ठरलेलं. बंदुकीचा धक्का तिला घरच्या पायऱ्यांसारखा पाठ होता. आजची ही पायरी वेगळीच उंच होती.

मोंटानातल्या त्या भागात कुणी दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालत नसे. दुसऱ्याचा दातांचा ब्रश वापरावा, तसं ते मानत. अपवाद एकट्या नॉर्व्हलचा. धान्याच्या कोठारावर त्यानं आयुष्यभर वजनकाटा सांभाळला होता आणि त्याच्या काट्यावर कुणी कधी खात्रीसाठी दुसऱ्यांदा गाडी चढवली नव्हती. तेच हात काडतुसं भरतात म्हटल्यावर शेजारीपाजारी कॉफीच्या डब्यांतून रिकाम्या पुंगळ्या आणून देत आणि शिकारीच्या आधी भरलेल्या घेऊन जात. आर्डिस त्यांना घरी भाजलेल्या गोड पाईचा तुकडा दिल्याशिवाय सोडत नसे. तेव्हाचे शरद ऋतू कसे गजबजलेले असत. आता त्या शेजाऱ्यांतले बरेचसे चर्चमागच्या टेकडीवरच्या कबरींत गेले होते. येणारा एक वेंडेल उरला होता.

यंदा नॉर्व्हलच्या नेहमीच्या टिकल्या दुकानांतून नाहीशा झाल्या. टिकली म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणारी इवलीशी वाटी. तिच्यावर बंदुकीची सुई आपटली की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. शेजारच्या गावात दुसऱ्या कंपनीच्या मिळाल्या, पण त्या जहाल. जुन्या पांढऱ्या, नव्या पिवळ्या. म्हणून आज दोन्हींची तुलना करायची होती. पुंगळी तीच, गोळी तीच. जहाल टिकलीमागे मात्र दारू थोडी कमी. जुन्या टिकलीच्या काडतुसांवर त्यानं काळी खूण केली होती आणि नव्यांवर लाल.

आणि नियम एकच. टेबलावर एका वेळी टिकल्यांची एकच डबी. "एका टेबलावर दोन डब्या आणि एका घरात दोन बायका," नॉर्व्हल सगळ्यांना सांगायचा, "दोन्हींचा शेवट स्फोटात."

आर्डिसनं बोल्ट मागे ओढून पुंगळी बाहेर काढली. अंगावर काळी खूण होती. बुडातली टिकली लाटलेल्या कणकेसारखी चेपून कडेपर्यंत पसरली होती. आणि ती पिवळी होती.

पूर्ण दारू आणि जहाल टिकली. जुन्या बंदुकीचं पोलाद भलं, म्हणून तिचा चेहरा शाबूत होता.

"नॉर्व्हल, वेंडेलची काडतुसं कधी भरलीस?"

"हीच भरली त्या दुपारी. का?"

"टेबलावर दोन्ही डब्या होत्या?"

"मी काय काल शिकलोय?"

"मी विचारतेय, होत्या का."

"नव्हत्या." तो फार पटकन म्हणाला. मग दुर्बीण मांडीवर ठेवून त्यानं खिशातला रुमाल काढला आणि भिंगं पुसत बसला. "नव्या टिकल्याच वाईट असतील. पुढचं काडतूस झाड."

"झाडत नाही मी."

"घाबरलीस?"

"हो."

वसंतात डॉक्टरनं सांगितलं होतं, की नॉर्व्हलच्या नजरेच्या मधोमध आलेला हा डाग जाणार नाही, वाढेल. नॉर्व्हल घरी येऊन म्हणाला, चष्म्याचा नंबर बदललाय. खरं काय ते नर्सनं आर्डिसला फोनवर सांगितलं होतं. नवरा सांगेल तेव्हा सांगेल म्हणून ती थांबली. बघता बघता उन्हाळा गेला.

खाणीच्या रस्त्यावर धूळ उठली. वेंडेलचा पिकअप होता. डोंगरात तंबू ठोकायला निघालेला, उद्या उजाडता उजाडता तो एल्क हरणाच्या मागावर असणार आणि बोल्टच्या मागे त्याचा गाल टेकलेला असणार.

आर्डिस नॉर्व्हलच्या खुर्चीजवळ वाकली. "तूच सांग त्याला. नाहीतर मला सांगावं लागेल."

"काही झालेलं नाही."

"नॉर्व्हल."

"माझं नाव मला माहितीय."

वेंडेल उतरला. आडवा बांधा, कानांवर आलेली टोपी. "काय आर्डिस, अजून म्हाताऱ्याला बसवून तुम्हीच कष्ट करताय?"

"त्याला बसायलाच आवडतं," आर्डिस म्हणाली. आवाज नेहमीसारखा आला, याचं तिला नवल वाटलं.

नॉर्व्हलनं पायाजवळची वेंडेलच्या काडतुसांची डबी उचलून पुढे केली. वेंडेलनं हात लांबवला. आर्डिसनं दोघांच्या हातांमध्ये आपला हात घातला, डबीवर ठेवला आणि तिथेच ठेवला. वारा खडीवरून सरसरत गेला.

"माझं काही चुकलं का?" वेंडेलनं विचारलं.

नॉर्व्हलची मान खाली होती. डबीवरचा तिचा हात त्याला दिसत नसावा, पण वजन कळत होतं. वजन त्याला नेहमीच कळत आलं होतं.

"उघड ती," अखेर तो म्हणाला. "बुडं वर कर आणि टिकल्यांचे रंग सांग मला."

"ही कसली परीक्षा? पांढरी. पांढरी. पांढरी, पांढरी." वेंडेल हसत हसत बोट पुढे सरकवत गेला. "पांढरी. ही पिवळी."

"पुढे."

"पांढरी. पिवळी. अजून एक पिवळी." आता तो हसत नव्हता.

"सगळ्या पांढऱ्या असायला हव्या होत्या." वजन वाचून दाखवायचा तसा, सपाट, सर्वांना ऐकू जाईल असा तो बोलला. "दोन्ही डब्या टेबलावर होत्या. मला समोरचं दिसत नाही, वेंडेल. कडेकडेचं दिसतं. यंदा दुकानातली घे."

"अहो, होतं असं कधीकधी. पांढऱ्या तेवढ्या घेऊन जातो की मी."

"नाही. ज्या हातानं पिवळी बसवली, त्याच हातानं दारू घातलीय."

वेंडेलनं डबी आर्डिसच्या हातात दिली. टोपी काढली, परत घातली. गावातलं दुकान बंद व्हायच्या आत पोचतो म्हणाला आणि मांस आणून द्यायचं कबूल केलं. दार उघडलं तेव्हा आर्डिसला त्याच्या शेजारच्या सीटवर कॉफीचा डबा दिसला. रिकाम्या पुंगळ्या होत्या, पुढच्या वर्षासाठी आणलेल्या. वेंडेलनं डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डबा त्यानं उतरवला नाही.

घरी परतताना गाडी तिनं चालवली. नॉर्व्हल खिडकीबाहेर बघत होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

यावर त्यानं खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "जोराचा बसला का खांद्याला?"

"बसला."

"शेक घे."

घरी पोचल्यावर त्यांनी सगळी काडतुसं मोडली. काडतूस धरणाऱ्या पोकळ हातोडीचा ठोका लाकडावर मारायचा, की गोळी सुटते. ठोके नॉर्व्हलनं मारले. एकही चुकला नाही. आर्डिसनं गोळ्या एका वाडग्यात आणि दारू दुसऱ्यात काढली. त्यानं सांगायच्या आत तिनं पांढऱ्या टिकल्यांची डबी एका कपाटात आणि पिवळ्यांची दुसऱ्या कपाटात ठेवली.

वापरायची नसलेली दारू तिकडे झाडांना घालतात. जमिनीला ती खतासारखी मानवते. आर्डिस बटाटे सोलायला लागली, तेव्हा नॉर्व्हल वाडगा घेऊन मागच्या दारानं बाहेर गेला. वाफ्यातला आंबट देठांचा रुबार्ब वाळून भुईला टेकला होता. तो गुडघ्यांवर बसला, मान जराशी वळवून डोळ्यांच्या कडेनं एकेक बुंधा शोधू लागला आणि हात अगदी खाली नेऊन प्रत्येकाच्या मुळाशी चिमूट चिमूट सोडत गेला, सगळ्यांना सारखी.