एसी फिटला का?

ऋग्वेद बँकेत कर्जाच्या टेबलावर बसायचा. लोकांना व्याज समजावताना त्याचा आवाज फार गोड व्हायचा. घरी येताना मात्र हे ज्ञान चपलांसोबत दाराबाहेर राहायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यानं क्रेडिट कार्डावर चाळीस हजारांचा एसी घेतला होता. दर महिन्याला कार्डाची किमान रक्कम भरली आणि धन्यवादाचा मेसेज आला, की गडी खूश. कोणीतरी आपल्याला धन्यवाद म्हणतं, हेच त्याला पुष्कळ होतं.

त्याची बायको इरावती मदन महलच्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीच्या शाळेत शिकवायला बसनं जायची. एसीचे पैसे फिटले की तिला स्कूटी, असं ठरलं होतं.

"फिटला ना रे एसी?"

"भरून राहिलो ना मी."

"ते नाही विचारलं. उरले किती?"

त्यानं फोन पुढे केला. एकतीस हजार.

"अन् भरले किती?"

"चाळीसच्या वर."

"बँकेत लोकांना हेच समजावतो काय?"

"लोकांना समजतं," ऋग्वेद म्हणाला.

आठवड्याभरात त्यानं आपली मोटरसायकल विकून कार्ड एकदाचं मोकळं केलं. आता दोघं एकाच बसनं जातात. इरावतीला ओळखीचे लोक जागा देतात. ऋग्वेद तिचा डबा धरून उभा असतो.