मार्ली श्रागची कारणं

लायल श्रागचं डुकरांवर जितकं बारीक लक्ष असे, तितकं घरातल्या माणसांवर असतं, तर आयोवाची गोष्ट त्याला एव्हाना वासावरूनच कळली असती, असं त्याची बायको नॅडीन म्हणे. तिला स्वतःला ती मार्चपासून ठाऊक होती, आणि पोटात ठेवून ठेवून बिचारीला अपचन व्हायची वेळ आली होती.

मार्ली ही त्यांची धाकटी. दोन वर्षं ती जवळच्या कम्युनिटी कॉलेजात शिकली आणि तिथल्या जनावरं पारखणाऱ्या संघात चांगलीच चमकली. आता आयोवातल्या एका विद्यापीठानं तिला सरळ तिसऱ्या वर्षाला घ्यायचं कबूल केलं होतं, मागचा एकही विषय वाया न घालवता. शिवाय तिथल्या संघात जागा. हो की नाही ते सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं, आणि आज रविवार होता. चर्चहून परतल्यावर, हॅमच्या ग्रेव्हीतले वेरेनिके, म्हणजे चीज भरलेले उकडलेले कानवले, ताटात पडल्यावर मार्लीनं एकदाचा विषय काढला.

लायलनं काटा खाली ठेवला. "आपल्या कॅन्ससच्या विद्यापीठाला काय धाड भरलीय?"

"काही नाही, डॅड."

"मी तिथं शिकलो. तुझे आजोबा तिथं शिकले. दीड तासाचा रस्ता. शुक्रवारी मळक्या कपड्यांचं बोचकं घेऊन घरी येता येतं."

"तुला पोरगी हवीय की बोचकं?" नॅडीननं विचारलं.

"डेन्व्हर काही लांब नाही, असं ब्रेटसुद्धा म्हणाला होता," लायल म्हणाला.

मार्लीनं ग्रेव्हीचं भांडं उगाच नॅडीनकडे सरकवलं. थोरला ब्रेट तिकडे डेन्व्हरला, कोलोरॅडोत, असा काही रुळला होता, की नाताळला घरी आला तरी पाहुण्यासारखा दारात उभा राहून बूट कुठे काढू म्हणून विचारी.

"माझं उत्तर नाही," लायल म्हणाला आणि केकला हातही न लावता डुकरांच्या गोठ्याकडे निघून गेला.

वीस वर्षांच्या पोरीला कायद्यानं कुणाच्या होकाराची गरज नव्हती. पण बापाला असं रुसलेलं ठेवून गाडी हाकायची, हे मार्लीला जमणारं नव्हतं. तो हो म्हणाला नाही तर ती फोन करणार नव्हती, आणि फोन केला नाही तर जागा दुसऱ्या कुणाची होणार होती.

"जा, भांड त्याच्याशी," नॅडीन म्हणाली.

"भांडताना तो ऐकतो कुठे, मॉम?"

"मग ऐकतो कधी, ते आठव."

लायल ऐकत असे ते जत्रेत. जनावरं पारखायच्या स्पर्धेत चार जनावरं समोर उभी करतात. त्यांचा क्रम लावायचा आणि मग हातात कागद न घेता परीक्षकासमोर उभं राहून दोन मिनिटांत त्याची कारणं सांगायची. क्रमाचे गुण वेगळे, कारणांचे पन्नास वेगळे. खालच्या जनावराचं जे चांगलं असेल ते मान्य करायचं, आणि वरच्याचा दोष लपवलात की मेलात. काउंटीच्या जत्रेत पोरांची कारणं ऐकायचं काम कैक वर्षं लायलकडेच होतं. पण पोटच्या पोराची पाळी आली की परीक्षकानं उठून बाहेर जायचं, असा नियम. त्यामुळे अख्ख्या काउंटीच्या पोरांची कारणं ऐकलेल्या या माणसानं मार्लीची कधीच ऐकली नव्हती.

ती गोठ्यात गेली तेव्हा तो कठड्याला टेकून विणीला आलेल्या माद्या बघत होता. मार्ली त्याच्या समोर जाऊन ताठ उभी राहिली. पाय रोवलेले, हात पाठीमागे.

"हे काय आता?"

"चारांचा वर्ग आहे, डॅड. एक नंबर कॅन्सस, दोन आयोवा, तीन ओक्लाहोमा, चार इथंच राहून तुझ्या हाताखाली. कारणं ऐकणार?"

राग मोठा होता, पण सवय त्याहून मोठी निघाली. लायलनं टोपी काढली, एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला.

"मी हा वर्ग दोन, एक, चार, तीन असा लावते," मार्ली म्हणाली. "वरच्या जोडीत दोनला एकच्या वर ठेवते, कारण मला डुकरांची पैदास शिकायचीय आणि ज्या बाईंचं लिखाण मी वर्षभर वाचतेय त्या तिथं शिकवतात. एक घराजवळ आहे, हे मान्य करते. तिथं आपल्या घराण्याला मान आहे, हेही मान्य करते. पण तिथं मी लायलची पोर म्हणून शिरेन. आयोवात मला काळं कुत्रं ओळखत नाही. तिथं जे करीन ते माझं असेल. मधल्या जोडीत एक चारच्या वर, कारण मला पुढं शिकायचंच आहे. चारमध्ये मॉमचा स्वयंपाक आहे, हे मान्य करते. शेवटच्या जोडीत चार तीनच्या वर. ओक्लाहोमात वाईट काही नाही, पण तिथं जाण्यापेक्षा मी तुझी बोलणी खाईन."

लायलच्या मिशीचं एक टोक जरासं हललं.

"झालं?"

"झालं."

"मग माझा प्रश्न. दोनचा दोष सांगितला नाहीस."

दोष मार्लीला ठाऊक होता. तिथल्या थंडीवर किंवा लांबच्या रस्त्यावर तो ढकलून देता आला असता. पण समोर बसलेल्या माणसाला तिनं फसवाफसवी करणाऱ्या पोरांना घरी पाठवताना पाहिलं होतं.

"दोनचा दोष एकच आहे आणि तो मोठा आहे," ती म्हणाली. "गेल्यावर मी परत येईनच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. माझा ब्रेट होणार नाही, असंही नाही सांगता येत. आत्ता यावंसं वाटतंय, फार वाटतंय. पण जे दिसलं नाही ते सांगायचं नसतं, डॅड. तरी दोन वर."

डोळे पुसायची गरज होती. हात मात्र पाठीमागेच राहिले.

लायलनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग गुडघ्यावर हात देऊन उठला.

"क्रम चुकला तुझा," तो म्हणाला. "मी एकलाच वर ठेवला असता. मरेपर्यंत ठेवीन."

मार्लीनं मान खाली घातली.

"कारणांना पन्नासपैकी पन्नास," लायल म्हणाला.

लायल श्रागनं कुणाला पन्नास दिल्याचं काउंटीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मार्लीला ते खरंच वाटेना. "पन्नास?" तिनं विचारलं. "मग?"

"मग काय मग? अशी पोर घरात डांबून ठेवली तर जत्रेत मला परीक्षक म्हणून कोण उभं करील?" त्यानं डोळे बाहीला पुसले, ते लपवण्याची तसदी न घेता. "फोन लाव. आत्ता लाव. उद्यापर्यंत माझा काही भरवसा नाही."

दाराबाहेर केकची बशी घेऊन उभी असलेली नॅडीन तेवढ्यात आत आली आणि काहीच ऐकलं नसल्याचा आव आणू लागली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मार्लीनं तिथल्या संघाच्या प्रशिक्षकांचा घरचा नंबर लावला. पलीकडून आवाज येताच तिनं पाय पुन्हा रोवले.

"मी मार्ली श्राग, कॅन्ससहून," ती म्हणाली. "मी येतेय."