विलोहिलचा बाराचा भोंगा

मी विलोहिलचा भोंगा बोलतोय. बोलतोय कसला! मला फक्त ओरडता येतं. सत्तर वर्षं तेच केलं. आज पहिल्यांदाच दमानं सांगायचा प्रयत्न करतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

गावाच्या नावात हिल आहे, पण टेकडी म्हणाल तर औषधालाही नाही. चहूकडे सपाट प्रेअरी, म्हणजे नुसता गवताळ माळ, गहू आणि वारा. मला इथे रेल्वेनं आणलं, लाकडी खोक्यात, भुशात गुंडाळून. त्या शरद ऋतूत गावातल्या बायकांनी समाजमंदिरात मोठं जेवण घातलं होतं, टर्की, कोबीचे रोल आणि फळं भरलेल्या चाळीस प्रकारच्या गोड पेस्ट्री. त्या जेवणाच्या तिकिटांवर माझी खरेदी झाली. अग्निशमन शेडवरच्या खांबावर मला चढवलं तेव्हा खाली अख्खं गाव माना वर करून उभं होतं. मी पहिल्यांदा ओरडलो आणि दोन घोडे दोरी तोडून पळाले. मला फार अभिमान वाटला.

माझं खरं काम आगीचं. मी ओरडलो की माणसं नांगर, जेवण, दाढी, असेल ते टाकून धावत यायची. पण आग काही रोज लागत नाही. म्हणून मी रोज दुपारी बाराला वाजायचो. मी वाजलो की शेतातले घरी वळायचे, मुलं शाळेतून जेवायला सुटायची, बटाटे चुलीवरून उतरायचे. गावातल्या घड्याळांचा कोणी भरवसा धरत नसे. माझा धरत.

मग रेल्वे बंद झाली. धान्याचं उंच कोठार पाडलं. शहराकडे जाणारा रस्ता चौपदरी झाला आणि पाऊण तासावर असलेलं शहर अगदी शेजारी आलं. नवी घरं उठली, मोठ्या गॅरेजांची. नव्या लोकांना नावं ठेवणार नाही मी. ते आले नसते तर शाळेला कुलूपच लागलं असतं. पण सकाळी साडेसहाला मोटारींची रांग जाते ती संध्याकाळी सहाला परत येते. मधल्या वेळात गावात कोण? म्हातारी माणसं आणि कुत्री. मी बाराला ओरडायचो आणि कुत्री उत्तर द्यायची.

तरीही ओरेस्ट हनाट्युक रोज पावणेबाराला यायचा. माझं बटण हातानं दाबावं लागतं, आणि ते एकतीस वर्षं त्यानंच दाबलं. अठ्ठ्याहत्तरचा आहे तो, गुडघे गेलेले. चार हिवाळ्यांमागे त्याची बायको स्टेला गेली. तेव्हापासून बारा वाजवणं हे त्याचं घराबाहेर पडायचं एकमेव कारण होतं. उणे पस्तीस असू दे, बर्फ कमरेएवढं असू दे, तो यायचा. बटण दाबायचा आणि वर बघून म्हणायचा, "आहेस बाबा, अजून आहेस."

आणि मग आली रोवेना.

रोवेना दिमाकुलांगन. मूळची फिलिपिन्सची, शहरातल्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स. सकाळी सगळं गाव शहराकडे जायचं तेव्हा ही एकटी उलट्या दिशेनं घरी यायची. नवराही शहरात कामाला, मुलगी शाळेत. घर घेतलं तेही नेमकं माझ्या खांबासमोर! तिनं नगरकचेरीला तीन पत्रं लिहिली. "मला झोप लागते साडेदहाला आणि हा मला बाराला उठवतो," असं. तिसऱ्या पत्रानंतर नगराध्यक्ष डोरीनबाईंनी नोटीस लावली: येत्या सोमवारी भोंग्याचा निकाल. ठेवायचा की काढायचा.

मला काय वाटलं असेल? आग आग झाली माझी. कालची आलेली बाई, आणि मला उतरवायला निघाली! ओरेस्टही धुसफुसत होता. "कापूस घाल म्हणावं कानात," असं तो मला रोज ऐकवायचा.

सोमवारच्या आधीचा गुरुवार. एप्रिल महिना. बर्फ गेलेलं, हिरवं अजून आलेलं नाही, गवत वाळून काडी झालेलं. सकाळी पावणेअकराला जुन्या रुळांच्या बाजूनं धूर निघाला. वारा थेट वृद्धाश्रमाकडे. तिथे नऊ जण, त्यातले चार चाकाच्या खुर्चीत. ओरेस्टनं घरातूनच धूर पाहिला. लंगडत आला आणि बटण दाबून धरलं.

मी जीव तोडून ओरडलो. आणि कोणी आलं नाही.

येणार कोण? अग्निशमन दलाच्या यादीत चौदा नावं, बारा जण शहरात. तेराव्याचा पाय प्लास्टरमध्ये. चौदावा ओरेस्ट, ज्याला आठ वर्षांपूर्वीच निवृत्तीचा केक कापून दिला होता. आणि घरी असलेल्या म्हाताऱ्या मंडळींना वाटलं, ओरेस्टचं घड्याळ पुढे गेलं! एका आजीबाईंनी तर मला ऐकून सूप गरम करायला ठेवलं. मी आणखी काय करणार? माझ्याकडे एकच शब्द आहे हो.

एवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं. रोवेना. अंगात झोपेचे कपडे, पायात रबरी बूट, वर नवऱ्याचं जाकीट.

"अहो, अकरासुद्धा नाही वाजले!" ती रस्त्यातूनच ओरडली. माझ्या आवाजावर तिचा आवाज चढला, एवढं मान्य करतो. "मला मारायचंच ठरवलंय का तुम्ही? घड्याळ बघता येत नाही?"

"भांडण नंतर!" ओरेस्ट म्हणाला. "तो धूर बघ! वृद्धाश्रमाकडे चाललाय. ट्रक चालवता येतो का, क्लचवाला? माझा गुडघा क्लच दाबत नाही."

तिनं धुराकडे पाहिलं आणि जाकिटाची चेन वर ओढली.

"माझा बाप तीस वर्षं मनिलात प्रवासी जीप चालवायचा," ती म्हणाली. "क्लच मला विचारता? सरका तिकडे!"

आणि नेला की तिनं शेडमधला बंब! ते लाल धूड गेली कित्येक वर्षं माणसांशी अडून बसायचं, पण तिच्या हाताखाली मुकाट निघालं. खांबावरून मला सगळं दिसत होतं. ओरेस्टनं पंप चालू केला, नळी तिनं धरली. पाण्याच्या जोरानं पहिल्यांदा ती चिखलात बसली, ओरेस्टनं दंडाला धरून उठवली. शेजारच्या गावाचा बंब यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर त्या दोघांनी आग कुंपणाशी धरून ठेवली. कुंपण गेलं. नऊच्या नऊ माणसं वाचली. माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी संध्याकाळी बैठक माझ्याच खाली, शेडमध्ये भरली. गर्दी एवढी की दारं उघडीच ठेवली होती. जो उठेल तो माझं कौतुक करत होता. भोंगा नसता तर काय झालं असतं, वगैरे. मी वर फुगून बसलो होतो.

डोरीनबाई म्हणाल्या, "मग ठरलं. भोंगा राहील, आणि बाराचं वाजणंही राहील. सत्तर वर्षांची पद्धत आहे आपली."

शेवटच्या रांगेतून रोवेना उठली. "आगीला वाजवा," ती म्हणाली. "शंभरदा वाजवा, मी येईन. पण बाराला नको हो. रात्रभर माणसांचं बघून येते मी. कधीकधी कोणी हातातच जातं. मग घरी येऊन डोळा लागायला वेळ लागतो."

पण हात वर झाले, आणि ते माझ्या बाजूचे होते. तेवढ्यात ओरेस्ट खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"उद्यापासून मी बाराला बटण दाबणार नाही," तो म्हणाला.

"अरे, मग दुसरं कोणी दाबेल," डोरीनबाई म्हणाल्या.

"किल्ली माझ्याकडे आहे. घेऊन दाखव." लोक हसले. तो हसला नाही. "बारा वाजले हे सांगायला तुमच्या खिशात फोन आहेत. पण आग लागली तर धावून येईल असं धडधाकट माणूस दिवसा या गावात एकच आहे. आणि ती तेव्हा झोपलेली असते. तिला झोपू द्या रे."

मला राग आला, खोटं का बोलू? एकतीस वर्षांचा सोबती, आणि त्यानंच माझं तोंड बांधलं. रात्री सगळे गेल्यावर तो एकटाच कुलूप लावत थांबला. खांबावर हात ठेवून उभा राहिला. "मलाही जड जाणार आहे," एवढंच म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की स्वतःच्या दिवसातलं होतं तेवढं सगळं त्यानं देऊन टाकलं होतं.

आता मी बाराला गप्प असतो. यादीत पंधरावं नाव रोवेनाचं आहे. ओरेस्ट अजूनही पावणेबाराला येतो, पण शेडमध्ये जात नाही. तिच्या गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो. गवत कापायचं यंत्र कोणी सुरू केलं की लंगडत जातो आणि तोंडावर बोट ठेवतो. परवा कचऱ्याच्या गाडीवाल्याशी चांगला भांडला, तेही कुजबुजत. कुजबुजत भांडताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

तुम्ही कधी या रस्त्यानं दुपारचे आलात तर एवढं करा. हॉर्न वाजवू नका, गाडीचं दार हळू लावा. आज ती जरा उशिरानंच आली, डोळे सुजलेले होते. आत्ताच कुठे पडदे ओढलेत तिनं.