बरी हाय

सगुणाला कुणीही, कुठेही विचारलं तरी तिचं उत्तर ठरलेलं असायचं. बरी हाय. दूधवाल्याने विचारलं, बरी हाय. बालवाडीच्या बाईंनी विचारलं, बरी हाय. रामवाडीच्या नाक्यावर भाजी घेताना कुणी पाठीवर थाप मारून म्हणालं, "पोरगी कशी हाय गो?" तर तिचा हात कोथिंबिरीच्या जुडीवरून हलायचासुद्धा नाही आणि तोंडातून आपसूक यायचं, "बरी हाय." दार ढकललं की करकरतं ना, तसं. दाराला कुठे माहीत असतं आपण करकरलो म्हणून!

आणि सुरभी तर बरी नव्हतीच. सहा वर्षांची पोर, रक्ताचा कॅन्सर. मुंबईच्या हॉस्पिटलात जायची, हाताला नळ्या लावून घ्यायची, पेणला परत यायची आणि बादलीवर वाकायची. वाकल्या वाकल्या एक हात वर करून ट्रॅफिक पोलिसासारखी सगळ्यांना थांबवायची, "बरी हाय, बरी हाय!" म्हणजे कुणी धावत येऊ नये. मग घरातले हसायचे. सगुणाही हसायची. हसताना तोंडाचे कोपरे कुठे जातात ते तिला आठवत होतं, तिथे ती ते नेऊन ठेवायची.

हा सगळा कायदा सासूबाईंचा. कृष्णाबाई खाडीकाठच्या, मिठागरात मीठ ओढून हाडं टणक झालेल्या. घरात वाईट बोललेलं त्यांना चालायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते, हे त्यांच्या लेखी चेष्टेचं बोलणं नव्हतं. एकदा नवऱ्याच्या खाटेशी बसून त्यांच्याच तोंडून गेलं होतं, "ह्यो काय आता उठत नाय." तो उठला नाही. तेव्हापासून त्या घराला कान असल्यासारख्याच वागत. भिंतींसमोर बोलताना जपून, माणसांसमोर कसंही!

निकेश, म्हणजे सगुणाचा नवरा, सुरुवातीला एकदा जेवताना म्हणाला होता, "डॉक्टर बोलले, तिच्या रक्तात..."

"उठ," कृष्णाबाई म्हणाल्या.

"आये, जेवतोय मी."

"ताट घेऊन उठ. भायेर जा न् बोल काय बोलायचं ते. माझ्या घराला ऐकवू नको."

आणि बिचारा ताट घेऊन खरंच उठला. तेव्हापासून डॉक्टरांचे, औषधवाल्यांचे, सगळे फोन तो अंगणात शेवग्याखाली उभा राहून करायचा. सगुणाचं मात्र असं काही बाहेर जाऊन बोलणं कधी झालंच नाही. ती घरात नाहीतर गणपतीच्या कारखान्यात, मूर्तींना पॉलिश पेपर घासत. तिथेही पत्र्याचं छप्पर होतंच. आणि खरं सांगायचं तर तिला बोलायचंही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो, तो आपलाच असतो पण हाताला दुसऱ्याचा लागतो, तसं तिचं सगळंच झालं होतं.

रोह्याला एक संस्था होती. आजारी मुलांच्या घरच्यांना मदत करणारी. प्रत्येक फेरीच्या औषधांचे पैसे ती दुकानाला परस्पर भरायची, मुंबईत राहायला खोलीही तीच मिळवून द्यायची. त्या संस्थेतून एका सकाळी सगुणाला फोन आला. सगुणा तांदूळ निवडत होती. समोर कृष्णाबाई.

"नमस्कार ताई, मी दिपिका. नवीनच लागलेय इथे. आपली सुरभी कशी आहे?"

"बरी हाय."

"बरी आहे? अरे वा! म्हणजे आता काही त्रास नाही ना?"

सगुणाने सासूबाईंकडे पाहिलं. त्या खडा शोधत असल्याचं दाखवत होत्या, पण कान इकडेच.

"नाय. बरी हाय."

"किती छान वाटलं ऐकून! ठेवते हं ताई."

सगुणाने फोन ठेवला आणि तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला. झालं. एवढंच.

चार दिवसांनी निकेशच्या मोबाईलवर संस्थेचा मेसेज आला. वर गुलाबाचा गुच्छ, खाली चमचमणारी अक्षरं. सुरभी बरी झाल्याचे समजून अतिशय आनंद झाला, आमची मदत आता दुसऱ्या बाळाकडे वळवत आहोत, तिला उदंड आयुष्य लाभो.

निकेशने सगुणाला शेवग्याखाली बोलावलं आणि मेसेज दाखवला.

"काय बोललीस तू त्यांना?"

"कायच नाय."

"सगुणा."

"बरी हाय बोलली."

निकेश खाली बसला आणि गुडघ्यावर डोकं टेकून हसायला लागला. हसणंच होतं ते, पण ऐकवत नव्हतं. "अगं, दूधवाल्याला सांग, बालवाडीत सांग. त्यांना पण? सोमवारी ॲडमिट करायचीय तिला! औषध कोण देणार?"

"मग फोन करून सांग ना."

"केला. तिथल्या मॅडम बोलतात, आईनेच सांगितलं, आता आईनेच येऊन काय ते सांगावं. आणि मी उद्या खाडा केला तर ठेकेदार गेटवरूनच परत पाठवील. तुलाच जावं लागंल."

"बरं," सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुरभीच्या कपाळाला हात लावला. गरम होतं. सुरभीने डोळे न उघडताच हात वर केला. सगुणा निघाली.

रामवाडीहून एसटी मिळाली, बसायला जागाही मिळाली. नागोठणं गेलं, भिसे खिंड गेली. सगुणा मनातल्या मनात वाक्य घोकत होती. माझी मुलगी बरी नाही. सोपं होतं. चार शब्द. पहिलीच्या पुस्तकात असतात तसे. पण "माझी मुलगी बरी" इथपर्यंत गाडी नीट यायची आणि पुढे वळणच घ्यायची नाही, सरळ "हाय"वर जाऊन उभी राहायची. तिने विचार केला, मोठ्याने बोलून बघावं. मग वर पाहिलं. एसटीलाही छप्पर होतं.

संस्थेचं ऑफिस बाजाराच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर होतं. दोन टेबलं, एक पंखा, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. मोठ्या टेबलाशी वैशाली मॅडम, चष्मा डोक्यावर ठेवून चष्माच शोधत होत्या. लहान टेबलाशी एक कॉलेजातली वाटावी अशी मुलगी. सगुणाने नाव सांगितलं तशी तीच दचकली. ही दिपिका.

"या, बसा," वैशाली मॅडम म्हणाल्या. "चहा घेणार? दिपिका, चहा सांग. हं. तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. मला जरा घोळ वाटतोय. तुम्हीच सांगा आता, सुरभी कशी आहे?"

"बरी हाय," सगुणा म्हणाली.

पंखा फिरत होता. मॅडमना चष्मा सापडला. त्यांनी तो घातला आणि सगुणाकडे नीट पाहिलं.

"बरी आहे?"

"व्हय."

"अहो, मग आलात कशाला एवढ्या लांब?"

सगुणाने तोंड उघडलं. काही आलं नाही. चहा आला.

"हे बघा ताई," मॅडम खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या, "डॉक्टरांचा नवा दाखला न मागता आम्ही बंद केलं, ही आमची चूक. दाखला मी मागवतेच. पण तो यायला वेळ लागेल आणि सोमवारची मुलं आज दुपारीच ठरतात. मी आमच्या विश्वस्तांना आत्ता फोन लावते, पण सांगू काय? आई फोनवर बरी म्हणाली, समोर बसूनही बरीच म्हणते? आमच्याकडे दारात उभी आहेत हो मुलं. तुम्ही फक्त तोंडाने सांगा. मी तुमच्या शब्दावर करते."

सगुणाने भिंतींकडे पाहिलं. चारी भिंती. एका चित्रात हत्ती होता, जांभळा. वर छत, छताला पंखा. हे घर कुणाचं होतं कुणास ठाऊक, पण घर होतं. आणि इथे म्हटलेलं इथून पेणला पोचायला कितीसा वेळ लागणार!

"मॅडम," ती म्हणाली, "जरा भायेर येता?"

"बाहेर? का हो? कुणी आलंय का सोबत?"

"नाय. भायेर या ना जरा. रस्त्यावर."

मॅडमनी दिपिकाकडे पाहिलं, दिपिकाने मॅडमकडे. मग मॅडम उठल्या, टेबलाखाली पायाने चपला शोधल्या, आणि तिघी बाहेर पडल्या. पायरी उतरून सगुणा थांबली नाही. वर दुकानाचं पत्र्याचं शेड होतं. ती आणखी पुढे गेली, गटार ओलांडून थेट डांबरावर, आणि वर बघितलं. वर काही नव्हतं. आभाळ.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"माझी पोर बरी नाय," सगुणा म्हणाली.

नेमकी तेव्हाच एक सहा आसनी रिक्षा पों पों करत गल्लीत शिरली. रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, रस्ता काय लग्नाला घेतलाय काय!"

"काय म्हणालात?" मॅडमनी कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं!"

एवढा जीव गोळा करून एकदा म्हटलं आणि ते रिक्षाच्या खाली गेलं. सगुणा उभी होती तिथेच उभी राहिली. रिक्षा हॉर्न देतच होती. मग तिने आवाज चढवला. आपला आवाज एवढा आहे हे तिलाही माहीत नव्हतं.

"माझी पोर बरी नाय! माझी सुरभी बरी नाय! ताप हाय तिला! खाल्लेलं ऱ्हात नाय पोटात! उभी केली तर पाय कापतात! बरी नाय ती, बरी नाय!"

हॉर्न थांबला. रसवंतीवाल्याचं चाक थांबलं. मासळीची टोपली घेऊन चाललेली एक बाई थांबून म्हणाली, "काय झालाय गो पोरीला?"

"कॅन्सर झालाय," सगुणा म्हणाली. आता साध्या आवाजात. तो शब्दही पहिल्यांदाच तिच्या तोंडून गेला.

तिला वाटलं होतं काहीतरी होईल. आभाळ काळं पडेल, नाहीतर निदान आपल्याला रडू येईल. तसलं काही झालं नाही. ऊन होतं तसंच होतं. मासळीवालीने "आय गो" म्हणून टोपली सावरली. रिक्षावाल्याने इंजिनच बंद केलं आणि उगाच आरसा पुसायला लागला. सगुणाचा घसा तेवढा दुखत होता. बऱ्याच दिवसांत तिचं काही दुखलं नव्हतं, म्हणून तिने गळ्यावर हात ठेवून पाहिला.

मॅडम आत जाऊन फोन लावायलासुद्धा थांबल्या नाहीत. तिथेच, डांबरावर उभ्या राहून लावला. "हो सर. नाही, बरी नाहीये. ऐकलं मी, अख्ख्या गल्लीने ऐकलंय. सोमवारचं धरा. दाखला मागवते मी, जबाबदारी माझी." मग फोन बंद करून सगुणाला म्हणाल्या, "सोमवारी न्या तिला. दुकानाला आम्ही कळवतो. खोलीचंही बघते."

"बरं," सगुणा म्हणाली.

"आणि आत चला आता. चहा निवला तुमचा."

दिपिका मात्र शेडच्या खांबाला धरून रडत होती. नाक, डोळे, सगळं वाहत होतं. सगुणा तिच्याकडे बघत राहिली. कसं जमतं हे, असं तिला वाटलं. मग जवळ जाऊन तिने आपल्या पदराचं टोक तिला दिलं.

"माझ्यामुळे झालं ताई. तुम्ही बरी म्हणालात आणि मी लगेच... माझा कामाचा पहिलाच आठवडा होता."

"तू काय केलंस? मी बोलली तेच लिवलंस ना."

"पण मग पुढच्या वेळी मी विचारू कसं? कशी आहे विचारलं की तुम्ही परत बरीच म्हणणार!"

सगुणाने विचार केला. खरंच होतं ते. आज घरी गेल्यावर सासूबाई विचारतील तेव्हाही ती तेच म्हणणार होती. घरात दुसरं म्हणता येणारच नव्हतं. पण दर महिन्याला फोन येणार, आणि त्या फोनवर सुरभीची औषधं अवलंबून.

"असं कर," ती म्हणाली. "कशी हाय ते इचारूच नको. आधी बोल, ताई, अंगणात जा."

दिपिकाने नाक पुसलं. "अंगणात?"

"व्हय. मी भायेर जाईपर्यंत थांब. घाई करू नको. मग इचार, काल काय खाल्लं, किती वेळा ओकली, ताप किती. सगळं सांगते."

"आणि पाऊस असला तर?"

"छत्री हाय की," सगुणा म्हणाली.