झाकणाचा वास

"घरात स्टीलचे चमचे डझनभर, आणि आपण मात्र आइस्क्रीमच्या चमच्यानं भात खायचा," नवरा मोरीपाशी पुटपुटला, तिला नव्हे, नळाला सांगितल्यासारखं, आणि तो पांढरा प्लास्टिकचा चमचा त्यानं मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसा धारेखाली धरला. खळग्यात एक शीत चिकटलं होतं, फुगलेलं, ओलं... सुटत नव्हतं. तिला मळमळलं. शिताची कसली किळस! पण हल्ली किळस तेवढी ताजी मिळायची, बाकी सगळं शिळं. केमोचं औषध पहिल्यांदा शिरेत गेलं त्या दिवसापासून स्टील तोंडात घेतलं की जुनी किल्ली चघळल्यासारखं व्हायचं, म्हणून प्लास्टिक. हे त्याला ठाऊक होतं, डॉक्टरांसमोर त्यानंच वहीत लिहून घेतलं होतं. तरी कुरकुर.

"चौदा महिने तर राहिलेत निवृत्तीला," डबा हातात देत तो म्हणाला. "ढकलायचे. बघता बघता जातील."

मागच्या महिन्यात पंधरा होते, त्याआधी सोळा. आकडा तो न चुकता उतरवायचा. त्याच्या दाढीच्या साबणाचा फेस कानामागे वाळला होता. पुसावा असं तिला वाटलं, आणि हात लावायचीही शिसारी आली.

दूध डेअरीच्या धक्क्यावर गाड्या लागल्या होत्या. तिचं काम सांगायला सोपं आणि ऐकणाऱ्याला हसू आणणारं: वास घेणं. कॅन उतरला की झाकण काढायचं, उलटं करून नाकाशी धरायचं, कारण दुधाचा खरा वास दुधात नसतो, तो झाकणाच्या पोटात दबा धरून बसलेला असतो, आणि एका श्वासात ठरवायचं. चांगलं तर पुढे, नासकं तर कॅनवर लाल खडूची फुली. एकतीस वर्षं. गाय काय खाऊन आली, गोठा झाडला होता की नाही, कॅन ओलाच बंद केला का, सगळं ती झाकणावरून सांगायची. गाडीवाले म्हणायचे, "ताईंचं नाक म्हणजे कोर्ट. वर अपील नाही."

आणि आता सगळ्या झाकणांना एकच वास. हिरव्या पडलेल्या तांब्याचा. मग तिनं दुसरी युक्ती काढली होती... झाकण नाकाशी, डोळे माणसावर. दुधात खोट असली की आणणारा बुटांकडे बघतो, नसली तर घड्याळाकडे. शिवाय कुणाचा गोठा कसा, हे पाठच होतं. चार महिने तिनं तोंडं वाचून दूध पास केलं, आणि ते खपलं. खपलं असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या गाडीतला पाचवा कॅन. गाडीवाला घड्याळाकडे बघत होता. तिनं झाकण उलटं केलं, श्वास घेतला, "ठीक," म्हणाली, आणि कॅन पुढे ढकलला.

कुणी हललं नाही.

कॅन उतरवणारा, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, तो शर्टाच्या बाहीनं नाक दाबून उभा होता. गाडीवाल्याचे डोळे पाण्यानं भरले होते. "आयला, धुवायचं औषध तसंच राहिलं वाटतं आत," तो घाईघाईनं म्हणाला, आणि पैलवानानं त्याच्या पायावर पाय दिला. कॅन धुण्याचं औषध! फाटकावरच्या कुत्र्यानंसुद्धा तोंड फिरवलं असतं.

लॅबमधली बाई आली. एकोणीस वर्षांपूर्वी ही नवी आली तेव्हा झाकण धरायला मीच शिकवलं होतं हिला. "ताई, हा राहू दे इकडे. मला नमुना हवाच होता," लॅबवाली म्हणाली आणि कॅन तिरका करून, बुडाच्या कडेवर फिरवत, खांबामागे नेला. सराईतपणे. त्या सराईतपणाकडे ती बघत राहिली. खांबामागे आणखी चार कॅन होते, आजचेच, तिनं "ठीक" म्हटलेले, आणि प्रत्येकावर एक नीटनेटकी, छोटी लाल फुली. माझी फुली अशी नसते. माझी एक रेघ नेहमी लांब जाते...

"ताई, चहा सांगू? कडक?" पैलवान म्हणाला.

तेव्हा जी किळस आली ती पोटातून नाही, कातडीवरून आली, सगळ्यांनी मिळून अंगाला साय फासल्यासारखी. चार महिने हे माझ्या पाठीमागे वाकून झाकणं हुंगताहेत आणि माझ्यासमोर चहा विचारताहेत! त्या गाडीवाल्यानं एक शिवी हासडली असती तरी बरं झालं असतं. मी कुणाला सोडलं होतं? एक बाई होती, दोन म्हशींची, कॅन परत केला म्हणून धक्क्यावरच बसून रडली होती, आणि मी म्हटलं होतं, दूध रडून गोड होत नाही बाई. तो आवाज माझाच होता... खणखणीत. आणि आता मला हे लोक चमच्या चमच्यानं दया भरवणार, चौदा महिने.

संध्याकाळी नवरा वाळलेले कपडे घड्या घालत होता. तिनं चप्पलही काढली नाही.

"आज मी औषधाचं पाणी पास केलं."

"होतं असं. थकवा असतो."

"थकवा नाही. मला वास येत नाही. सगळ्यांना माहीत आहे. उद्या अर्ज देते."

"अगं, वेडी का तू? चौदा महिने..."

"पुरे! काय पडलंय तुला एवढं त्या महिन्यांचं? पूर्ण नोकरीचा सत्कार हवाय? हार हवाय?"

तो टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालू लागला, कडेला कडा जुळेना. त्याच्या मानेवरचे पांढरे खुंट, वासलेलं तोंड, ओठाच्या कोपऱ्यातली थुंकी... सगळं तिला एकदम जवळून दिसलं, नको इतकं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं होतं, दोन मिनिटं म्हणून, आणि हा वीस मिनिटांनी बाहेर आला होता, विम्याचे कागद होते म्हणत. ती तेव्हा दाराच्या मुठीकडे बघत बसली होती. त्यानं सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं! झाकण हातात असून उलटं केलं नव्हतं.

"बोल," ती म्हणाली. आवाज खणखणीत आला. तिलाच नवल वाटलं. पोटात उमळून येण्याची ती वाट पाहत होती, आणि काहीच येईना, नुसती मोकळी, स्वच्छ जागा, आणि थोडी भीती.

त्यानं टॉवेल मांडीवर ठेवला.

"चौदा महिने नाहीत गं," तो म्हणाला. "तेवढे नाहीत."