कापशीच्या वाट्याचा उंदीर

शिकारी पक्ष्याचा फोटो काढायचा तर गाडीतून उतरायचं नाही आणि बोलायचं नाही. गाडीची त्यांना भीती नसते, माणसाची असते. माझ्या मैत्रिणींना हे काही केल्या जमत नाही. आईला मात्र जमायचं, कारण बाबा गेल्यापासून ती बोलतच नव्हती. विचारलं तर मान हलवायची, बस्स. अंबरनाथच्या घरातली ती शांतता मला खायला उठायची, म्हणून रविवारी मी तिला गाडीत घालून वांगणीला न्यायची. तिने एक शब्द बोलावा, एवढीच माझी इच्छा होती.

तिथे वालाच्या शेतांपलीकडे माळ आहे. माळावरच्या वाळक्या झाडावर कापशीची जोडी बसते. कापशी म्हणजे कावळ्याहून लहान, राखाडी-पांढरी घार, डोळे लालभडक. नर उंदीर मारून आणतो आणि मादीला भरवतो. तो फोटो मला अख्खा हिवाळा हुलकावणी देत होता.

त्या सकाळी चंदेरी किल्ल्याचा सुळका धुक्यावर तरंगत होता. गवत हलत होतं, वालाच्या फुलांचा वास येत होता. गाडी उभी होती, तरी आम्ही दोघी हळूहळू कुठेतरी वाहत चाललोय असं वाटत होतं. आई उघड्या खिडकीवर हात टेकून बघत बसली होती. मला वाटलं, तिचा डोळा लागला.

तेवढ्यात नर आला. हवेत एकाच जागी पंख हलवत थांबला, खाली झेपावला आणि उंदीर घेऊन फांदीवर बसला. मादीने मान पुढे केली. माझं बोट बटणावर.

“अगं, त्यालापण ठेव की थोडं!”

दोन्ही पक्षी भुर्रकन उडाले. माझं डोकंच फिरलं. “आई, गप्प बस ना जरा!”

बोलून गेले. इतके महिने जे ऐकायला जीव टाकत होते, त्यालाच मी गप्प केलं होतं. आई माझ्याकडे बघत राहिली. आता ही पुन्हा कधीच बोलणार नाही, असं वाटून मला रडू फुटलं.

“तुझा बाप अस्साच,” आई म्हणाली. “नाइटवरून येताना वडापाव आणायचा. मी खाऊन आलोय म्हणायचा. खोटारडा! आणि मी येडी, सगळं खायची.”

ती हसायला लागली. हसता हसता जांभळ्या पदराने डोळे पुसायला लागली. मी कॅमेरा तिच्याकडे वळवला. पण त्या लांबच्या लेन्सला इतकं जवळचं दिसत नाही. फोटोत नुसता जांभळा धूर आला, मधे एक उघडं तोंड.

हॉलमध्ये तोच लावलाय. येणारे-जाणारे विचारतात, “माया, हा कुठला पक्षी गं?”

मला उत्तर द्यायला मिळतच नाही. आई आतून सांगत सांगतच बाहेर येते.