कोण म्हणतं सगळी विमानं सारखीच?

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी टेकू आहे. टेकू म्हटल्यावर नाक मुरडलेत ना? मला ठाऊकच होते. विमानतळाची गोष्ट सांगायला विमानाने यावे, निदान वैमानिकाने तरी यावे, असे सगळ्यांना वाटते. पण आज मी बोलणारच. एका कागदावर माझ्याविषयी धडधडीत खोटे लिहिले गेले, आणि ते निमूट ऐकून घेण्याइतका मी गंजलेलो नाही.

मला जोडणाऱ्या वेल्डरबाई फार कडक होत्या. माझ्या एका पायाचा जोड मनासारखा आला नाही, म्हणून त्यांनी तो कापून पुन्हा जोडला. तीन पाय, मधोमध फिरवला की वरखाली होणारा, स्क्रूसारख्या आट्यांचा खांब, डोक्यावर रबराची गादी आणि कमरेला लाल फीत. उभ्या विमानाच्या शेपटीखाली जाऊन थांबायचे, एवढेच माझे काम. एवढेच, असे लोक म्हणतात हं. मी नाही म्हणत.

आमच्याकडे एकाच घराण्यातली तीन विमाने येत. आम्ही त्यांना धाकटे, मधले आणि थोरले म्हणत असू. नाक तेच, शेपटी तीच, पंखही जवळजवळ तेच. प्रवाशांना फरक कळत नसे, त्यांना दोष नाही. पण जे रोज त्या विमानांच्या पोटाखाली वावरतात, त्यांनीही "सगळी सारखीच" म्हणावे? माझ्या अंगाचा तिळपापड होतो! अहो, पंखांच्या पुढे आणि मागे धडाचे जादा तुकडे जोडले की थोरले तयार होते, हे खरे. पण तेवढ्याने किती गोष्टी बदलतात! माणसे जास्त, म्हणून पंखांवर उघडणारी संकटकाळची दारे धाकट्याला दोन, तर थोरल्याला चार. वजन जास्त, म्हणून इंजिनांचा जोर जास्त, ब्रेक दणकट आणि उतरतानाचा वेगही जास्त. धाकट्याचे नाक उडताना जरा झटक्यात उचलले तरी चालून जाते. थोरल्याचे तसे उचलले, तर लांब शेपटी धावपट्टीला घासेल. म्हणून बिचाऱ्याच्या शेपटीखाली एक घासपट्टाच बसवलेला असतो.

आणि उभे असताना? बागेतला सीसॉ आठवा. विमानाचा बहुतेक भार पंखांखालच्या मोठ्या चाकांवर असतो आणि नाकाखालच्या चाकावर थोडासाच. थोरल्याची मागची बाजू इतकी लांब, की पुढची माणसे आणि पुढचे सामान आधी उतरले, तर शेपटी जड होऊन खाली बसते आणि नाक वर जाते. म्हणून थोरल्याचा मागचा कप्पा आधी रिकामा करायचा, पुढचा नंतर, आणि त्याआधी शेपटीखाली मला उभे करायचे. धाकट्याला यातले काहीच लागत नाही. आमची माणसे त्याचा पुढचा कप्पाच आधी उघडत, कारण सामानाच्या गाड्यांचा रस्ता त्या बाजूला होता.

माझा खरा कदरदान म्हणजे सामान उतरवणाऱ्या टोळीचे प्रमुख. सगळे त्यांना मामा म्हणत. थोरले येऊन थांबले की मामा मला स्वतः ढकलत नेत, खांब फिरवत आणि माझे डोके शेपटीपासून चार बोटे खाली ठेवत. आधी हात आडवा धरून बोटे मोजत, मगच बाजूला होत. इंधन आणि सामान भरताना विमान थोडे खाली बसते, म्हणून ती जागा. मामांची चार बोटे कधी पाच झाली नाहीत की तीन झाली नाहीत. एकदा वादळी वाऱ्यात थोरल्याची शेपटी माझ्यावर टेकली, तेव्हा मी हूं की चूं केले नाही. मामांनी माझ्या पायावर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास रे गड्या!" ती थाप मला अजून आठवते.

पुढे थोरल्याच्या फेऱ्या दुसरीकडे गेल्या आणि मला कोठारात ढकलले गेले. माझ्या डोक्यावर ओले हातमोजे वाळू लागले. मामा अधूनमधून येऊन आट्यांना वंगण लावत, पण नव्या साहेबांना तेही खपेना. हे साहेब सारखे मनगटाकडे बघत, म्हणून सगळे त्यांना घड्याळसाहेब म्हणत. त्यांनी वंगणाचा वेळ बंद केला. ज्याला काम नाही त्याची निगा कशाला, असा त्यांचा हिशोब होता.

मग एका दुपारी धाकटे बिघडले आणि त्याच्या जागी थोरले आले. कचेरीतून मामांच्या हाती कामाचा कागद आला तो धाकट्याचाच. फक्त विमानाचा नंबर खोडून नवा लिहिलेला. 'शेपटीचा टेकू' या ओळीपुढे छापलेलेच होते, 'गरज नाही'.

मामा म्हणाले, "साहेब, हे थोरलं आहे. टेकू लावायला हवा."

"मामा, विमान तेच आहे, जरासं लांब आहे इतकंच. आधीच उशीर झालाय. सुरू करा."

मामांनी एकदा कोठाराकडे पाहिले, एकदा साहेबांकडे पाहिले आणि कागदावर सही केली.

कोठाराच्या उघड्या दारातून मला सगळे दिसत होते. शिडी फक्त पुढच्या दाराला लावलेली. पुढच्या रांगांतली माणसे उतरली. धाकट्याच्या कागदाबरहुकूम पुढचा कप्पा आधी रिकामा झाला. मागचा कप्पा गच्च, आणि मागच्या रांगांतली माणसे वाटेत दाटीने उभी. मी मनातल्या मनात ओरडत होतो. लोखंडाचे ओरडणे कोण ऐकणार?

नाकाचे चाक जमिनीवरून उचलले गेले. शेपटी धाडकन खाली आदळली. दार शिडीपासून सुटून वर गेले, आणि नेमके तेव्हाच दारातल्या एका आजींनी पाऊल पुढे टाकले होते. हवाईसेविकेने त्यांना दंडाला धरून आत खेचले, म्हणून वाचल्या. त्यांची एक चप्पल मात्र खाली पडली. तीन माणसांइतक्या उंचीवरून.

मामा खालून ओरडले, "ताई, सगळ्यांना पुढं घ्या! हळू, एकेक करून! कुणी पळू नका!"

माणसे एकेक पुढे सरकली, तसे नाक हळूहळू खाली आले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आजी उतरल्या तेव्हा मामांनी ती चप्पल त्यांच्या पायाशी ठेवली.

आणि दुसऱ्या दिवशी घड्याळसाहेबांनी अहवाल लिहिला. 'टेकू मोडलेला असल्याने वापरता आला नाही. टोळीप्रमुखाने ही बाब वेळेवर कळवली नाही.' मोडलेला! मी! एका फटक्यात माझ्यावरही खापर आणि मामांवरही. हे खरे ठरले असते, तर मी भंगारात आणि मामांची सत्तावीस वर्षांची नोकरी मातीत. 'गरज नाही' छापलेल्या कामाच्या कागदावर मामांची सही होतीच.

चौकशीला एक तपासनीस बाई आल्या. अहवाल वाचून म्हणाल्या, "मोडलेला टेकू दाखवा."

मला बाहेर काढले. मामांनी खांबाला हात घातला. आटे हलेनात. साहेब म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मामांनी आट्यांत वंगण सोडले, फडक्याने गंज पुसला आणि दोन्ही हातांनी पुन्हा जोर लावला. दुसऱ्या खेपेला मी कुरकुरलो. तिसऱ्या खेपेला फिरलो. दुरुस्तीसाठी थांबलेल्या थोरल्याच्या शेपटीखाली मला उभे केले, चार बोटे सोडून. बाईंनी मागच्या कप्प्यात वाळूची पोती चढवायला लावली. शेपटी खाली आली, माझ्या डोक्यावर टेकली आणि तिथेच थांबली. वेल्डरबाईंचा तो दुसऱ्यांदा केलेला जोड केसभरही हलला नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. पण बाई मामांकडे वळल्या. "टेकू धडधाकट होता. मग लावला का नाही?"

"मी साहेबांना सांगितलं होतं, बाई."

"किती वेळा?"

मामांनी हातातले फडके घडी करून माझ्या पायाशी ठेवले. मग म्हणाले, "एकदाच. ते नाही म्हणाले आणि मी सही केली. एवढं माझं चुकलं."

मित्रांनो, खोटे बोलून सुटणे सोपे होते. साहेबांनी तेच केले होते. तरी अन्याय बघा. ताकीद दोघांनाही मिळाली, आणि दोन्ही पत्रांची भाषा सारखीच! ज्याने खोटे लिहिले आणि ज्याने खरे कबूल केले, ते दोघे बाईंच्या कचेरीला सारखेच वाटले. मला याचा संताप आजही येतो. मामांना येत नाही. ते म्हणतात, नोकरी राहिली आणि थोरल्याचा कागद वेगळा छापला गेला, पुष्कळ झाले.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो. ज्या वस्तूची रोज गरज पडत नाही तिचीही निगा राखा, कारण जेव्हा ती लागते तेव्हा गंज पुसायला वेळ नसतो. दोन गोष्टी सारख्या दिसल्या तरी जवळ जाऊन नीट बघा. आणि जे धोक्याचे आहे ते एकदा सांगून गप्प बसू नका.

गेल्या आठवड्यात थोरले पुन्हा आले. उशिरानेच आले. मामा खांब फिरवत होते आणि घड्याळसाहेब मनगटाकडे बघत उभे होते.

"मामा, अजून किती वेळ?"

"टेकू लागेपर्यंत, साहेब."

"अहो, लोक खोळंबलेत. सुरू तर करा!"

मामांनी हात आडवा धरून माझ्या डोक्यावर चार बोटे मोजली, आणि सगळ्या टोळीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "टेकू लागेपर्यंत, साहेब."